व्याप्त खेडे (बेलारूस) : कादंबरी व चित्रपट

दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४४ या काळात नाझी जर्मनीच्या ताब्यात गेलेल्या बेलारूसच्या खेड्यांचे कथात्म साहित्यातील व चित्रपटांतील चित्रण. गावात जर्मन फौजेचा अंमल, भोवतालच्या जंगलात सोव्हिएत पार्टिझान (गनिमी सैनिक) आणि दोघांनाही लागणारे धान्य, दूध, मांस त्याच गावचे, अशा कात्रीत इथला शेतकरी सापडला होता. त्यात जर्मनांच्या पदरी असलेला ‘पोलित्साय’ म्हणजे पोलीस बरेचदा शेजारच्याच घरातला असे.

या विषयाचे प्रमुख लेखक दोन. वासिल बीकॉव्ह (१९२४–२००३) स्वतः लाल सेनेत आघाडीवर लढलेले. आलेस आदामोविच (१९२७–९४) किशोरवयातच पार्टिझानांमध्ये गेलेले.

बीकॉव्ह यांच्या ‘सोत्निकॉव’ (१९७०) या कादंबरीत दोन पार्टिझान थंडीत अन्न मिळवायला निघतात आणि जर्मनांनी नेमलेल्या गावप्रमुखाच्या घरची मेंढी घेऊन जातात. पुढे एका लेकुरवाळ्या बाईच्या माळ्यावर ते लपतात, पण आजारी सोत्निकॉवच्या खोकल्याने घात होतो. आसरा देणारी बाई फासावर जाते आणि मेंढीची खबर न दिलेला गावप्रमुखही. दोघांतला धडधाकट रीबाक मात्र जीव वाचवायला पोलिसात दाखल होतो. लारिसा शेपित्को यांनी यावर केलेल्या ‘आरोहण’ या चित्रपटाला १९७७ मध्ये बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. चित्रपटात सोत्निकॉवला जवळजवळ ख्रिस्ताचे रूप येते. कादंबरी त्याहून कोरडी आहे आणि खेडे समजून घ्यायला तीच अधिक उपयोगी.

गावाचे सर्वांत जवळून दर्शन बीकॉव्ह यांच्याच ‘अनिष्टाची खूण’ (१९८२) या कादंबरीत घडते. आडबाजूच्या एका वस्तीवर पेत्रोक व स्तेपानिदा हे म्हातारे जोडपे राहते. अंगणात जर्मन मुक्काम ठोकतात आणि रोज दूध मागतात. स्तेपानिदा गुपचूप गाय पिळून दूध मातीत सोडते. एका सैनिकाची बंदूक तिने विहिरीत टाकल्याचेही कोणाला कळत नाही. प्रतिकाराचे इतके घरगुती रूप युद्धसाहित्यात क्वचितच भेटते. सामूहिक शेतीच्या सक्तीने हे गाव युद्धाआधीच कसे दुभंगले होते, तेही ही कादंबरी सांगते. मिखाईल प्ताशुक यांनी तिच्यावर चित्रपट केला.

आदामोविच यांनी यांका ब्रिल व व्लादिमीर कालेस्निक यांच्यासह गावोगाव हिंडून, जाळपोळीतून वाचलेल्यांच्या जबान्या टेपवर घेतल्या. ‘मी जळत्या गावातला’ (१९७५) हे पुस्तक त्यातून झाले. या जबान्या आणि आदामोविच यांची ‘खातीनची कथा’ यांवर एलेम क्लिमॉव यांचा ‘या आणि पाहा’ (१९८५) हा चित्रपट उभा आहे. त्याच्या परवानगीसाठी क्लिमॉव यांना काही वर्षे थांबावे लागले. वाळूतून बंदूक उकरून पार्टिझानांकडे गेलेला फ्ल्योरा हा मुलगा घरी परततो, तेव्हा सूप अजून कोमट असते, जमिनीवर बाहुल्या पडलेल्या असतात आणि माश्या घोंघावत असतात. घरामागे प्रेतांची रास आहे. ती त्याच्यासोबतच्या, मागे वळलेल्या ग्लाशा या मुलीला दिसते, त्याला नाही. कोठारात गाव कोंडून जाळण्याच्या लांबलचक प्रसंगापेक्षा हे दृश्य अधिक काळ मनात राहते.

खातीन हे खरे गाव. २२ मार्च १९४३ रोजी तिथे १४९ माणसे मारली गेली. त्यांत ७५ मुले होती. या हत्याकांडात जर्मन हुकमतीखालच्या ज्या ११८ व्या पोलीस बटालियनचा हात होता, तिच्यात युक्रेनियन व इतर सोव्हिएत नागरिकांचा भरणा होता. सोव्हिएत काळात यावर उघडपणे बोलले जात नसे. ‘या आणि पाहा’च्या शेवटी पडद्यावर आकडा येतो : माणसांसकट जाळलेली गावे ६२८.