आधी समेट, मग देव: टिळक आणि लक्ष्मीबाई

आसनगावहून लोकल पकडणाऱ्यांनो आणि मुरबाड डेपोत एसटीची वाट बघणाऱ्यांनो, आजची गोष्ट तुमच्याच रस्त्यांवरची आहे.

ख्रिस्ती लोकांचा उपासकाळ म्हणजे लेंट. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावायची, आणि मग ईस्टरपर्यंत रविवार सोडून चाळीस दिवस. पण नुसतं मटण सोडून भागत नाही. ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी आधी समेट कर आणि मग वेदीपुढं ये, असं येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय. हेच खरं अवघड. आपल्याकडं बांधावरून दहा-दहा वर्षं न बोलणारे सख्खे भाऊ आहेत, त्यांना विचारा!

तर नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत, हे कवी, पुढं रेव्हरंड. जन्म १८६१, कोकणातला, बालपणीची काही वर्षं कल्याणला. आई गेल्यावर हा पोरगा नाशिकला गेला. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचं लग्न झालं. नाशिकला जायचं तर वाटेत आपलं शहापूर-कसारा, आणि पुढं त्यांनी ज्या नगरला संसार केला, तिथं जायचं तर मुरबाड-माळशेज. दोन्ही रस्ते आपल्या अंगणातले.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थानं टिळकांना नवा करार दिला. वाचता वाचता ते अडकले ते ह्याच डोंगरावरच्या प्रवचनापाशी. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षी राखेचा बुधवार आला २७ फेब्रुवारीला, फक्त सतरा दिवसांनी. योगायोगच हा, कारण टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले तिथं राख लावायची फारशी रीत नव्हती. पण ज्या प्रवचनानं समेट शिकवला, त्याच प्रवचनापायी घर मोडलं. हे मला फार टोचतं.

लक्ष्मीबाईंच्या बाजूनं बघा ना. नवरा जिवंत, पण जातीबाहेर. पदरात लहानगा दत्तू. नातेवाइकांनी त्यांना पंढरपूरला नेलं. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या हे सगळं सांगतात. त्यात नवऱ्याची थट्टा आहे, राग आहे, आणि रडणंही लपवलेलं नाही. बाईंना शाळा नव्हती. लिहिणं-वाचणं त्या लग्नानंतर शिकल्या. असं मराठी आजही कमी लोकांना जमतं, हे माझं मत.

समेट एका दिवसात झाला नाही. काही काळानं बाई नगरला आल्या, पण सोवळं आणि चूल वेगळी. टिळक घाई करणारे, तापट गृहस्थ, तरी बायकोचा धर्म त्यांनी तिच्यावरच सोडला. आपल्याकडं आजही एका भावाच्या घरी देवघर आणि दुसऱ्याच्या भिंतीवर क्रूस असतो, आणि मधली ओसरी ओस पडते. तिथं ‘तू आधी माझ्यासारखा हो’ अशी अट असते. लक्ष्मीबाईंचं सोवळं हळूहळू, त्यांच्या त्यांच्या विचारानं सुटलं. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

टिळक १९१९ मध्ये वारले. येशूच्या चरित्रावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी.