मठातून निघालेली वसाहत

मार्सेलिस हे बंदर मराठी वाचकांस ठाऊक आहे, ते १९१० साली सावरकरांनी तेथे समुद्रात घेतलेल्या उडीमुळे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, याच बंदरालगतची दाट जुनी वस्ती जर्मन सैन्याने रिकामी करवली आणि सुरुंग लावून जमीनदोस्त केली. हजारो लोक बेघर झाले. युद्ध संपताच फ्रेंच सरकारने या शहरात सामुदायिक निवासस्थान उभारण्याचे काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे सोपविले. पुढे चंदीगड शहराची रचना करणारे वास्तुशिल्पज्ञ ते हेच. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी कोनशिला बसली आणि बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेस, ३३७ घरांच्या या वास्तूचे उद्घाटन झाले.

युद्धोत्तर काळात पोलादाची टंचाई होती, म्हणून काँक्रीटचा आश्रय घेण्यात आला. त्यावर उमटलेले सेंटरिंगच्या फळ्यांचे वळ गिलाव्याने झाकले नाहीत. अशा उघड्या काँक्रीटला फ्रेंच भाषेत ‘बेताँ ब्रूत’ म्हणतात. ‘ब्रुटॅलिझम’ ही संज्ञा रूढ होण्यात त्या शब्दाचा वाटा आहे. त्यात क्रौर्य अभिप्रेत नाही. मार्सेलिसकरांनी मात्र या वास्तूला ‘वेड्याचे घर’ ठरविले.

आम्हांला विशेष वाटतो तो या कल्पनेचा उगम. १९०७ साली, ऐन तारुण्यात, ल कॉर्ब्युझिए यांनी फ्लॉरेन्सजवळील कार्थुझियन मठ पाहिला. प्रत्येक साधूस स्वतंत्र निवास, चिमुकली बाग आणि निःशब्द शांतता. प्रार्थनेसाठी मात्र सर्वांचे एकच मंदिर. एकांत आणि सहवास यांचा हा मेळ त्यांनी मार्सेलिसला प्रापंचिकांसाठी मांडला. शेजारचा आवाज येऊ नये म्हणून घरे शिशाच्या तुकड्यांवर टेकविली. मधल्या मजल्यांवर दुकानांची गल्ली केली. गच्चीवर बालशाळा, उथळ तलाव आणि धावण्याची वाट आखली.

परंतु मठ केवळ भिंतींवर उभा नसतो. विखुरलेल्या साधूंना रोजची घंटा एकत्र आणते. येथे ते काम दुकानांवर सोपविले होते, आणि गिऱ्हाईक रोडावले तशी त्यांतील अनेक बंद पडली. सरकारनेही घरे विकून टाकली. बेघरांसाठी योजलेली वसाहत कालांतराने सुस्थित मध्यमवर्गाची झाली.

पुढे डॉमिनिकन धर्मगुरू फादर कुत्यूरिए यांच्या पुढाकाराने ल कॉर्ब्युझिए यांनी लिऑंजवळ ला तुरेतचा मठ बांधला. १९६० साली पूर्ण झालेल्या त्या मठाचे काँक्रीटही तसेच उघडे आहे. मठाकडून घेतलेले ऋण अशा रीतीने मठाकडेच परत आले. २०१६ साली युनेस्कोने दोन्ही वास्तूंना जागतिक वारशाचा मान दिला.

बहुमजली इमारतींत संसार करणाऱ्या आपल्या कुटुंबांनी यातून एवढेच ध्यानी घ्यावे: दार लावून शांतपणे राहण्याची सोय वास्तुशिल्पी करून देऊ शकतो, शेजाऱ्यासाठी ते दार उघडणे त्याच्या नकाशात बसत नाही. ते काम घरातल्यांचेच आहे.