विद्येची बाग आणि तिचं फाटक

वडीगोद्रीहून धुळे-सोलापूर महामार्गाने उत्तरेकडे निघालं की औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, लागतं. अंबड तालुक्यातल्या कित्येक पोरांनी पदवीसाठी हाच रस्ता धरला. तिथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा परिसर मात्र नुसत्या वर्गखोल्यांचा नाही. पाठीमागे डोंगरात बौद्ध लेणी, पायथ्याशी मोगलकाळातला सोनेरी महाल, मध्ये झाडी. लेणी पाहायला निघालेला प्रवासी आणि परीक्षेला निघालेला विद्यार्थी एकाच वाटेने जातात.

विद्या आणि बाग शेजारी असणं आपल्या मुलखाला नवं नाही. याच शहरातली पाणचक्की बघा. बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा, हौद, झाडांची सावली, ग्रंथालय आणि लंगरासाठी दळणारं जातं. दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इथवर आणलं होतं. शिकणारा, भुकेला आणि वाटसरू, तिघांसाठी जागा एकच होती.

निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ निघालं ते 1918 साली, उर्दू माध्यमातून. तेव्हा मराठवाडा याच राज्यात होता. त्याच्या आखणीसाठी पॅट्रिक गेडिस यांनी अहवाल लिहिला होता. ते तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत. झाडं, उद्यानं आणि लोकांचं रोजचं जगणं यांच्यापासून नगररचना तोडता येत नाही, असं ते मानत. पुढे हैदराबादजवळ अडिकमेटच्या माळावर विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर उभा राहिला. 1939 साली तिथल्या कला महाविद्यालयाच्या भव्य इमारतीचं उद्घाटन झालं.

औरंगाबादेत बाबासाहेबांनी 1950 मध्ये महाविद्यालय काढलं. पुढच्या वर्षी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी इमारतीची कोनशिला बसवली. महाविद्यालयाला नाव दिलं प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचं, आणि परिसराला उत्तर देणाऱ्या भिक्खूचं : नागसेनवन. नावातच वन आहे.

मराठवाडा विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी सुरू झालं. बाबासाहेबांचं नाव त्याला द्यावं, असा ठराव विधिमंडळाने 1978 मध्ये केला. त्यावरून दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. आजही त्या दिवशी हजारो लोक विद्यापीठाच्या गेटसमोर जमतात. त्यातले कितीतरी कधी कॉलेजात गेलेले नसतात.

म्हणून विद्यापीठाचा परिसर लोकांची बाग व्हावा, ही हौसेची गोष्ट नाही. कमी पाण्यावर तगणारा कडुनिंब, वड, पिंपळ लावता येतात. बसायला कट्टे, प्यायला पाणी, बायाबापड्यांना स्वच्छतागृह आणि संध्याकाळी दिवे देता येतात. प्रयोगशाळा, वसतिगृहं यांना कुंपण ठेवून बाकीच्या वाटा मोकळ्या सोडता येतात. पण बाग कितीही हिरवी असली तरी, आत कोण येणार हे फाटकावरच ठरतं. शेतमजुराची पोरगी आधी सावलीसाठी आत आली, तर उद्या प्रवेशअर्ज घेऊन यायला ती बिचकणार नाही.