सभेचा निमंत्रक

काशीचा बालाजी घाट हे पेशवाईचे स्मारक होय. पंचगंगा घाटाच्या शेजारी असलेल्या या पायऱ्यांनी अठराव्या शतकातील मराठी सत्तेची आठवण जपली आहे. परंतु काशीत महाराष्ट्रीयांना जो मान मिळाला, त्याचे मूळ या दगडांत नाही. तो त्यापूर्वी दीडदोन शतके पंडितांच्या सभांतून मिळविलेला होता.

पैठणच्या रामेश्वरभट्टांचे पुत्र, ‘त्रिस्थलीसेतु’कार नारायणभट्ट (जन्म १५१३) यांनी विश्वेश्वराच्या देवालयाची पुनर्रचना घडवून आणली आणि पंडितसभेतील अग्रपूजेचा मान त्यांच्या घराण्याकडे आला. हा मान केवळ गंधाक्षतांचा नव्हता. द्रविड, गौड, मैथिल, गुर्जर अशा नाना देशींचे विद्वान जेथे एकत्र येत, तेथे पहिले गंध कोणास, हे ठरल्यावाचून पहिले वाक्य उच्चारणेही कठीण. अग्रपूजेने ज्ञानाचा वाद मिटत नसे. आसनांचा मात्र मिटे.

कोकणातील देवरुखे ब्राह्मणांच्या दर्जाचा वाद १६५७ साली (शके १५७९) काशीस गेला. मुक्तिमंडपात पंडित जमले, निर्णय देवरुख्यांच्या बाजूने झाला आणि निर्णयपत्रावर अनेकांच्या संमती पडल्या. अशा पत्रांत वाचकाची दृष्टी शास्त्रवचनांकडे आणि सह्यांकडे जाते. सभा जमविणाराचे काम अनुमानानेच जाणावे लागते. एखादे मातबर घराणे वगळले, तर उद्या तेच निर्णय अमान्य करणार. प्रतिपक्ष आला नाही, तर निर्णय एकतर्फी ठरणार. स्थळही सर्वांना आपले वाटावे लागते. मुक्तिमंडप विश्वेश्वराचा होता, कोणाच्या वाड्याचा ओटा नव्हता, हे त्याचे सामर्थ्य.

यातच निमंत्रकाच्या सत्तेचा धोकाही आहे. कोणास बोलवावे हे जो ठरवितो, तो निर्णयाचा अर्धा भाग सभेपूर्वीच लिहून ठेवतो. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनी ‘शूद्रकमलाकर’ रचला. परंतु ज्यांच्या धर्माचा त्यात विचार झाला, त्यांना त्या सभांत आसन नव्हते. सभेची विद्वत्ता मोजताना तिच्या निमंत्रणाची मर्यादाही मोजली पाहिजे.

१६६९ मध्ये देवालय पाडले गेले आणि सभेचे ते सर्वमान्य स्थळ गेले. तरीही घराण्याची प्रतिष्ठा उरली. १६७४ मध्ये त्याच घराण्यातील गागाभट्टांनी रायगडावर शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक केला.

विसाव्या शतकात बालाजी घाटावरील मंदिरात बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करीत. तेथे निमंत्रणपत्र नव्हते, पंक्ती नव्हती, अग्रपूजाही नव्हती. जुन्या सभांच्या थोर निमंत्रकांना जे साधले नव्हते, ते तेथे सहज घडत होते: ऐकणारास आपली जात सांगावी लागत नव्हती.