नाही म्हणा, पण का ते सांगा

बांधकाम परवानगी नाकारल्याचं पत्र तुम्ही कधी वाचलंय का? आमच्या घरी एक आहे. बाबांनी ते प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवलंय. दादाचं लग्न ठरलं होतं, म्हणून गच्चीवर एक खोली काढायची होती. नकाशा जोडून रीतसर अर्ज केला आणि उत्तरात एकच ओळ आली. प्रस्ताव नियमानुसार नसल्याने नामंजूर करण्यात येत आहे. बस्स. खाली सही, शिक्का.

बाबा कचेरीत गेले. "साहेब, कोणत्या नियमात बसत नाही?"

"काका, तुमच्या आर्किटेक्टला विचारा ना, त्यांना माहीत असतं."

आर्किटेक्ट म्हणाला, "त्यांनी लिहिलंच नाही, तर मी काय सांगू?"

प्रोग्रॅम लिहून पोट भरणाऱ्या माणसाला हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे. प्रोग्रॅम आपटतो आणि स्क्रीनवर नुसतं "एरर" असं येतं. कुठली ओळ, कुठलं कारण, काही नाही. असा प्रोग्रॅम मी लिहिला तर आमचा टीम लीड मला उभा जाळेल. मग सरकारी नकाराला ही सूट का? या प्रश्नाच्या मागे लागून मी वाचत गेलो आणि थेट इंग्लंडात पोचलो, कारण आपल्या नगररचना कायद्याची मुळं तिथे आहेत. तिथे मला तीन घरं भेटली. आज त्यांचीच गोष्ट.

पहिलं घर लंडनच्या वाँड्सवर्थ भागातलं. तिथे १८५५ च्या कायद्याने असा नियम होता की घर बांधायला घेण्याआधी सात दिवस स्थानिक बोर्डाला नोटीस द्यायची. नाही दिली तर बोर्ड बांधकाम पाडू शकतं. कूपर नावाच्या बिल्डरने काम सुरू केलं. तो म्हणे, मी नोटीस पाठवली होती. बोर्ड म्हणे, आम्हाला मिळालीच नाही. घर दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं होतं. एका संध्याकाळी उशिरा बोर्डाची माणसं आली आणि सगळं जमीनदोस्त करून गेली. कूपरला कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

कूपर कोर्टात गेला. बोर्डाचं म्हणणं सरळ होतं. कायद्यात पाडायचा अधिकार लिहिलाय, आधी विचारा असं कुठेही लिहिलेलं नाही. १८६३ साली कोर्टाने निकाल कूपरच्या बाजूने दिला. कायद्यात लिहिलेलं नसलं तरी एखाद्याचं घर पाडण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, असं कोर्ट म्हणालं. कदाचित नोटीस वाटेत हरवली असेल, कदाचित निरोप्याने घोळ घातला असेल. विचारल्याशिवाय कळणार कसं? एका न्यायाधीशाने तर जुन्या खटल्याचा दाखला देऊन सांगितलं की ॲडमला शिक्षा करण्याआधी देवानेसुद्धा त्याला बाजू मांडायला बोलावलं होतं. वाँड्सवर्थचं बोर्ड देवापेक्षा मोठं थोडंच होतं :)

म्हणजे पहिला हक्क मिळाला: ऐकून घेण्याचा.

दुसरं घर हॅम्पस्टेडमधलं. १९०९ साली ब्रिटनमध्ये घरं आणि नगररचना यांचा एकत्र कायदा झाला. त्यातल्या अधिकाराने तिथल्या कौन्सिलने आर्लिज नावाच्या माणसाच्या ताब्यातलं एक घर राहायला अयोग्य ठरवून बंद करायचा हुकूम काढला. ही बांधकाम परवानगीची केस नव्हे, पण अपिलाचा सांगाडा तोच. आर्लिजने वरच्या सरकारी खात्याकडे अपील केलं. खात्याने इन्स्पेक्टर पाठवला, त्याने चौकशी केली, रिपोर्ट लिहिला आणि अपील फेटाळलं गेलं. आर्लिज म्हणाला, माझ्या घराबद्दल रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते तरी मला बघू द्या. आणि निर्णय नक्की कोणी घेतला, तेही सांगा.

प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि आर्लिज हरला. खातं आपल्या पद्धतीने काम करणार, रिपोर्ट दाखवायला ते बांधील नाही, असा निकाल लागला. तुमचं म्हणणं ऐकलं ना? झालं तर मग.

हे वाचताना मला बाबांची फाइलच आठवली. योगायोग बघा, त्याच सुमारास, १९१५ साली, आपल्याकडे मुंबई इलाख्यात पहिला नगररचना कायदा झाला.

इंग्लंडला ही चूक दुरुस्त करायला चाळीसेक वर्षं लागली. आणि मधल्या काळात प्रश्न खूप मोठा झाला होता. १९४७ च्या कायद्याने मालकाचा, आपल्या जागेवर हवं ते बांधण्याचा हक्कच काढून घेतला. १ जुलै १९४८ पासून जमीन तुमची, पण त्यावर काही नवं उभं करायचं तर परवानगी हवी. कौन्सिलने नाही म्हटलं तर मंत्र्याकडे अपील. म्हणजे हजारो साध्या माणसांच्या खोल्या, गॅरेज, माड्या यांचं भवितव्य अशा न दिसणाऱ्या रिपोर्टांवर ठरू लागलं.

लोकांची कुरकुर वाढली. १९५५ साली सर ऑलिव्हर फ्रँक्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिने १९५७ मध्ये अहवाल दिला. तिने तीन कसोट्या सांगितल्या: कारभार उघडा हवा, न्याय्य हवा, निःपक्ष हवा. इन्स्पेक्टरचा रिपोर्ट संबंधितांना दिलाच पाहिजे अशीही शिफारस केली. सरकारने ती मानली आणि १९५८ च्या कायद्याने मागितल्यास निर्णयाची कारणं देण्याचं बंधन आलं. आर्लिजने जे मागितलं होतं, ते असं मिळालं.

दुसरा हक्क: कारण बघण्याचा.

तिसरं घर माझं सगळ्यात लाडकं. ऑक्सफर्डच्या हेडिंग्टन भागात एका साध्या रांगेतल्या घराच्या छपरात एक शार्क मासा डोकं खुपसून उभा आहे. सुमारे पंचवीस फूट लांब, फायबरग्लासचा, शेपटी आभाळाकडे. घराचे मालक बिल हाइन, रेडिओवरचे निवेदक. शिल्पकार जॉन बकली. ९ ऑगस्ट १९८६ ला, म्हणजे नागासाकीवरच्या बॉम्बला ४१ वर्षं झाली त्या दिवशी, हा मासा छपरावर चढला. त्याच वर्षी चेर्नोबिल झालं होतं, आणि इंग्लंडच्या तळांवरून उडालेल्या अमेरिकन विमानांनी लिबियावर बॉम्ब टाकले होते. आपल्याच घरात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर आभाळातून काहीही कोसळू शकतं, हे हाइनना दाखवायचं होतं.

परवानगी अर्थातच घेतलेली नव्हती. कौन्सिलने आधी धोकादायक म्हणून हरकत घेतली. तपासणीत मासा पक्का बसवलेला निघाला. मग परवानगी नाही हा मुद्दा पुढे आला. तुमचा मासा आम्ही स्विमिंग पूलमध्ये ठेवतो, अशीही ऑफर दिली! शेवटी मागाहून केलेला अर्ज कौन्सिलने फेटाळला आणि हाइन अपिलात गेले.

१९९२ साली पर्यावरण खात्याने अपील मंजूर केलं. इन्स्पेक्टर पीटर मॅकडोनाल्ड यांचा रिपोर्ट जरूर मिळवून वाचा. मासा आजूबाजूच्या घरांशी जुळत नाही, हे त्यांनी सरळ मान्य केलं, पण जुळावं असा त्याचा हेतूच नाही, हेही सांगितलं. कौन्सिलची भीती होती की एकाला परवानगी दिली तर गावभर छपरांत मासे घुसतील. त्यावर त्यांनी दाखवून दिलं की इतक्या वर्षांत दुसरा एकही मासा आलेला नाही. आणि शेवटी, नियंत्रणाच्या कुठल्याही व्यवस्थेत अनपेक्षित आणि विक्षिप्त गोष्टींना थोडी जागा असलीच पाहिजे, असं म्हणून त्यांनी होकार दिला.

मला यातलं महत्त्वाचं काय वाटतं सांगू? त्यांनी "नियमात बसतं का" एवढंच विचारून फाइल मिटली नाही. "यामुळे नक्की कोणाचं काय बिघडतं" हे विचारलं. शेजाऱ्यांच्या हरकतींनाही तिथे साधारण हाच चाप आहे. उजेड अडतो, खिडकीतून घरात दिसतं, गोंगाट होतो, ही कारणं चालतात. माझ्या घराचा भाव पडेल किंवा माझा व्ह्यू जाईल, हे चालत नाही. अर्थात व्यवस्था काही निर्दोष नाही. परवानगी मिळाली तर हरकत घेणाऱ्या शेजाऱ्याला अपील करता येत नाही, तो हक्क फक्त अर्जदाराला. शेजारच्या आयर्लंडने मात्र १९६३ च्या कायद्याने इतरांनाही अपिलाची वाट दिली.

शार्कच्या गोष्टीला एक शेपूट आहे. हाइन २०१९ मध्ये गेले. २०२२ मध्ये त्याच कौन्सिलने माशाला शहराच्या वारसा यादीत घेतलं. आणि हरकत कोणी घेतली? हाइन यांच्या मुलाने! लोकांनी काय बघावं हे कौन्सिलने ठरवू नये, म्हणून बाबांनी हा मासा उभा केला होता, असं त्याचं म्हणणं. कौन्सिलने हरकत बाजूला ठेवली.

आता घरी परत येऊ. आपल्याकडे १९१५ चा कायदा जाऊन १९५४ चा आला आणि मग १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. तो उघडून बसलो आणि चाट पडलो. कलम ४५ सांगतं की परवानगी नाकारताना आदेशात कारणं दिलीच पाहिजेत. कलम ४७ सांगतं की आदेश मिळाल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे, किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. कूपरची वाटही आपल्याकडे पोचलेली आहे. मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने पालिकेचा हटवण्याचा अधिकार मान्य केला, पण ऐकून घेणं हा नियम आणि न ऐकणं हा अपवाद, असं बजावलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की पाडण्याआधी १५ दिवसांची, कारणांसह नोटीस द्या.

म्हणजे सगळं कागदावर आहे. मग अडतं कुठे? माझ्या मते, अपील हा शब्दच आपल्या बोलण्यात नाही. "आधी बांधून टाका, मग दंड भरून रेग्युलराइज करू", हे मात्र रिक्षावाल्यापासून प्रोफेसरपर्यंत सगळ्यांना पाठ. जो विचारून बांधतो तो अडकतो, जो न विचारता बांधतो तो सुटतो. ज्याला कारण न देता नकार मिळतो, तो पुढच्या वेळी विचारायलाच जात नाही. दोष एकट्या त्याचा नाही.

आम्हाला कलम ४७ कळलं तेव्हा तीन महिने उलटून गेले होते. बाबा म्हणाले, "मुदत गेली ना? मग सोड." पण मी सोडलं नाही. नवा अर्ज केला आणि सोबत कलम ४५ चा उल्लेख करून जुन्या नकाराचं कारण लेखी मागितलं. या वेळी उत्तर आलं. एका बाजूचं सामासिक अंतर दोन फूट कमी पडत होतं. दोन फूट! नकाशात भिंत आत घेतली आणि परवानगी मिळाली.

नियम योग्यच होता. त्या दोन फुटांतून शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात उजेड जातो, हे मला भिंत उभी राहिल्यावर कळलं. पहिल्याच पत्रात हे एक वाक्य असतं, तर बाबांनी त्याच दिवशी भिंत आत घेतली असती. ते नव्हतं, म्हणून दादा-वहिनी लग्नानंतर दीड वर्ष आमच्याच गल्लीच्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहिले.

असो. तुमच्या घरी असं पत्र आलं, तर आधी त्यावरची तारीख बघा. चाळीस दिवस फार पटकन जातात.