भूपाचा पाया : माणदेश, जाझ आणि देशीपणाचा प्रश्न

माणदेशातील लेखकांविषयी लिहिताना मराठी समीक्षा 'मातीचा सूर' हे रूपक फार सहजपणे वापरते. रूपकाचा वाच्यार्थ घेऊन सुराचीच चौकशी केली तर काय हाती लागते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. आटपाडी तालुक्यातील माडगूळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रक्षेपित झाले. त्यातील ५६ गीतांपैकी पहिल्याची चाल भूपात आहे : सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. या पाच स्वरांच्या साधेपणात लोकजीवनाचा, म्हणजे पर्यायाने 'आपल्या' मातीचा प्रत्यय येतो, असे समजण्याची आपली रीत आहे. पाच स्वर म्हणजे लोकसंगीत, लोकसंगीत म्हणजे देशी आणि देशी म्हणजे अकृत्रिम, अशी ही समीकरणांची साखळी आहे. ती कितपत टिकते?

ती तपासण्यासाठी मुद्दाम दूरचे उदाहरण घेऊ. भूपाचे हेच पाच स्वर अमेरिकन जाझमध्ये अत्यंत गुंतागुंतीच्या उपजसाधनेचे साधन झाले. जाझमधील 'मेजर सेवन्थ' हा स्वरसंघात सा, ग, प आणि शुद्ध नी या चार स्वरांचा असतो. त्यावर वादकाने आयत्या वेळी कोणते स्वर वाजवावेत, हा प्रश्न. सातही शुद्ध स्वर घेतले तर शुद्ध मध्यम संघातातील गांधाराला अर्ध्या स्वराच्या अंतरावर घासतो आणि त्यावर थांबता येत नाही. पाच स्वरांच्या सप्तकात अशी अर्धस्वराची जोडीच नसते. म्हणून कोणत्याही स्वरावर विसावता येते. जॉन कोल्ट्रेनने १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या 'जायंट स्टेप्स'मध्ये संघात इतक्या वेगाने बदलतात, की त्याने 'सा रे ग प' अशा चार स्वरांच्या तुकड्यांवर पुष्कळसा भार टाकला. त्याच्या चमूतील पियानोवादक मॅकॉय टायनर याने साठोत्तरी काळात पाच स्वरांची ही भाषा अधिक विस्तारली.

परंतु खरी कळ पुढेच आहे. हे पाच स्वर कोठून मांडायचे? खालचा संघात षड्जाचाच ठेवून भूपाची आकृती तीन ठिकाणी ठेवता येते. षड्जावरून मांडली तर सा रे ग प ध मिळतात. सारे स्वर निर्धोक. पण संघाताला वैशिष्ट्य देणारा निषाद त्यांत नाही. पंचमावरून मांडली तर प ध नी रे ग मिळतात. येथे निषाद येतो, मध्यम टळतो आणि षड्जही गळतो. वरच्या सप्तकात दीर्घ धरलेला षड्ज संघातातील निषादाशी घासत असल्याने ही गळती वादकाला लाभाचीच ठरते. ऋषभावरून मांडली तर रे ग, तीव्र मध्यम, ध आणि नी मिळतात, आणि शांत संघातावर एक अनपेक्षित प्रकाश पडतो. आकृती एकच, पायाशी तिचे नाते बदलले, की तिचा अर्थ बदलतो.

आपल्या संगीतविचाराला हे अपरिचित आहे असे नाही. भूपाच्या गांधाराला षड्ज मानले की मालकंसाचे स्वर मिळतात, पंचमाला मानले की दुर्गेचे. मूर्च्छनेचा हा विचार जुनाच आहे. मात्र मूर्च्छनेत पायाच हलतो. जाझमध्ये पाया स्थिर राहतो आणि आकृती हलते. त्याचेही प्रतिरूप आपल्याकडे आहे. यमनातील 'नी रे ग, तीव्र मध्यम, ध नी' ही सर्वपरिचित आरोही चाल षड्ज आणि पंचम टाळते. तिचे स्वर मांडून पाहिले, तर ती तानपुऱ्याच्या षड्जावर ठेवलेली ऋषभाची भूप-आकृतीच असल्याचे दिसते. हा प्रभाव नव्हे. दोन परंपरांनी स्वतंत्रपणे केलेले हे शोध आहेत. उलट, भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर समान असूनही एकात गांधार आणि दुसऱ्यात धैवत वादी असल्याने ते भिन्न राग ठरतात. स्वरांची यादी ही ओळख नसते.

या दोन व्यवस्थांची प्रत्यक्ष गाठ मुंबईत पडली. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात आफ्रिकी-अमेरिकी वादकांचे ताफे वाजत असत. त्यांच्याकडून गोमंतकीय वादकांनी जाझ उचलला आणि पुढे ते चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. सी. रामचंद्र यांच्या संगीताच्या 'अलबेला'त (१९५१) चिक चॉकलेटचा ताफा पडद्यावरही दिसतो. संघातांशिवाय जन्मलेल्या चालीखाली संघात मांडणे हे या वादकांचे नित्याचे काम होते. जाझवादकाच्या कामाची ही उलट बाजू. भूपाच्या चालीखाली मेजर सेवन्थ ठेवला, की रागात वर्ज्य असलेला निषाद तळातून ऐकू येतो. चालीचा एकही स्वर बदललेला नसतो, तरी भूप पूर्वीचा राहत नाही. १९७८ मध्ये मुंबईत जाझ यात्रा सुरू झाली, त्याआधीच ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय सॅक्सोफोनवादक रागांच्या स्वराकृती जाझमध्ये आणू लागले होते.

साहित्यविचाराच्या दृष्टीने यातून काय निष्पन्न होते? मर्ढेकरांनी कलाकृतीतील घटकांचे मूल्य संवाद, विरोध आणि समतोल या लयसंबंधांत शोधले होते. देशीवादाच्या चर्चेत या संबंधदृष्टीचा बहुधा विसर पडतो आणि बोली, ओवी, पाच स्वर यांसारखे घटक स्वतःच देशी मानले जातात. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मधील (१९४९) बोलीचे सामर्थ्य ती माणदेशची आहे एवढ्यातच नाही. नवकथेच्या संयत, अल्पाक्षरी निवेदनाच्या पायावर ती ठेवली गेल्याने तिला नवा निषाद लाभला. गदिमांच्या शब्दांखालीही ओवी-अभंगांबरोबर कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीचा आणि आकाशवाणीच्या श्रोतृवर्गाचा पाया होता.

याचा अर्थ देशीपणा हा भ्रम आहे असा नव्हे. कोणत्या पायावर काय ठेवायचे, ही निवड लेखकाच्या भूमीतून आणि इतिहासातूनच घडते. आणि जेथे निवड घडते तेथेच देशीपणाचा शोध घ्यावा लागेल. पाच स्वर माणदेशाचे नाहीत, तसेच ते न्यूयॉर्कचेही नाहीत. समीक्षेने 'सूर कोणाचा' हे विचारण्याआधी 'षड्ज कोठे धरला आहे' हे विचारावे.