लिंकन कुळाचा माग : हिंगहॅम ते इलिनॉय

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हटले जाते. अमेरिकेत मात्र कुळाचा शोध हा असंख्य कुटुंबांच्या आवडीचा विषय आहे. १८४५ मध्ये बोस्टन येथे वंशावळींच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, यावरून ही आवड किती जुनी आहे हे ध्यानात येते. या शोधातील सर्वांत अवघड टप्पा दक्षिणेकडील राज्यांचा. सतराव्या-अठराव्या शतकात अटलांटिक किनाऱ्यावर उतरलेली असंख्य कुटुंबे व्हर्जिनिया, कॅरोलायना, टेनेसी, केंटकी अशी मजल-दरमजल करीत पश्चिमेकडे सरकत गेली. दर पिढीला गाव बदलले, आणि मागच्या गावाची आठवण पुसट होत गेली. या स्थलांतराचे सर्वांत सुपरिचित आणि बोलके उदाहरण म्हणजे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे घराणे. आपले पूर्वज इंग्लंडमधील कोणत्या गावाहून आले, हे खुद्द लिंकन यांना अखेरपर्यंत निश्चितपणे ठाऊक नव्हते.

विणकराचा शिकाऊ उमेदवार

या घराण्याचा अमेरिकेतील मूळ पुरुष सॅम्युएल लिंकन. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील हिंगहॅम या गावी १६२२ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. १६३७ मध्ये फ्रान्सिस लॉज नावाच्या विणकराचा शिकाऊ उमेदवार म्हणून तो मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरला. मायदेशातील गावाचेच नाव दिलेल्या नव्या हिंगहॅममध्ये तो स्थायिक झाला आणि १६९० मध्ये तेथेच वारला. त्याचा मुलगा मॉर्डेकाय याने लोहारकामात व लोखंडाच्या धंद्यात जम बसवला. मॉर्डेकायचा त्याच नावाचा मुलगा आधी न्यू जर्सीत आणि तेथून पेनसिल्वेनियात गेला. तोही लोखंडाच्याच व्यवसायात होता. आजच्या बर्क्स काउंटीमध्ये त्याने १७३३ मध्ये बांधलेले घर अजून उभे आहे. १७३६ मध्ये त्याचे निधन झाले.

बर्क्स काउंटीच्या याच परिसरात बून नावाचे क्वेकर पंथीय कुटुंब राहत होते. केंटकीचा वाटाड्या म्हणून पुढे दंतकथेचा विषय झालेला डॅनियल बून याच कुटुंबात १७३४ मध्ये जन्मला. १७५० मध्ये बून मंडळींनी पेनसिल्वेनिया सोडले आणि ती नॉर्थ कॅरोलायनातील याडकिन नदीच्या खोऱ्याकडे निघाली. धाकट्या मॉर्डेकायच्या मृत्यूनंतर जन्मलेला त्याचा मुलगा अब्राहम याने १७६० मध्ये डॅनियलची चुलत बहीण अ‍ॅन बून हिच्याशी विवाह केला. दक्षिणेकडे गेलेल्या घराण्यांच्या वंशावळी अशा एकमेकींत गुंतलेल्या आढळतात. एकाच रस्त्याने जाणारी, एकाच ओढ्याकाठी वसणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या परस्परांत सोयरिकी करीत. त्यामुळे एका घराण्याचा माग हरवला, तर तो शेजाऱ्याच्या कागदपत्रांत शोधावा, हा वंशावळ-अभ्यासकांचा एक मुख्य नियम झाला आहे.

खोऱ्यातील मोठा गाडीरस्ता

पेनसिल्वेनियातील चांगल्या जमिनी महाग होऊ लागल्या, कुटुंबे मात्र मोठी होती. बापाच्या शेताचे पाच-सहा मुलांत तुकडे पाडण्यापेक्षा दक्षिणेकडे स्वस्त जमीन घेणे शहाणपणाचे ठरे. फिलाडेल्फियाहून लँकेस्टर व यॉर्कमार्गे निघणारा मोठा गाडीरस्ता व्हर्जिनियाच्या शेनांडोआ खोऱ्यातून कॅरोलायनाच्या अंतर्भागापर्यंत जात असे. डोंगररांगांमधील या सपाट पट्ट्याने जर्मन आणि अल्स्टरहून आलेल्या स्कॉट्स-आयरिश शेतकऱ्यांचा लोंढाच दक्षिणेकडे लोटला.

धाकट्या मॉर्डेकायचा थोरला मुलगा जॉन हा या लोंढ्यातलाच. १७६८ मध्ये त्याने शेनांडोआ खोऱ्यात लिनव्हिल ओढ्याकाठी सहाशे एकर जमीन घेतली. घराण्याच्या इतिहासात तो ‘व्हर्जिनिया जॉन’ या नावानेच ओळखला जातो. त्याची जमीन असलेला भाग १७७८ पासून रॉकिंगहॅम काउंटीत मोडू लागला.

जॉनच्या मुलांपासून घराण्याला फाटे फुटले. जेकब व्हर्जिनियातच राहिला. आयझॅक आजच्या टेनेसीच्या पूर्व भागात गेला. थोरला अब्राहम, जो ‘कॅप्टन’ म्हणून ओळखला जाई, १७८२ च्या सुमारास केंटकीत उतरला. डॅनियल बूनने १७७५ मध्ये कंबरलँड खिंडीतून आखलेली वाट तोवर वसाहतवाल्यांचा राजमार्ग बनली होती. मात्र ही भूमी रिकामी नव्हती. शॉनी, चेरोकी आदी मूळ रहिवाशांची ती शिकारीची व वावराची भूमी होती, आणि ती बळकावली जात असताना दोन्ही बाजूंनी रक्त सांडत होते. मे १७८६ मध्ये शेतात काम करीत असताना कॅप्टन अब्राहम मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारला गेला. त्या वेळी सुमारे आठ वर्षांचा असलेला त्याचा धाकटा मुलगा थॉमस जवळच होता. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचे वडील ते हेच.

वारसा कायद्याचा फटका

कॅप्टन अब्राहमच्या नावावर केंटकीत पाच हजार एकरांहून अधिक जमीन होती. मग त्याचा मुलगा मजुरी करीत का वाढला, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर कायद्याच्या एका तारखेत आहे. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता. मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या व्यक्तीची जमीन ज्येष्ठ पुत्राकडे जावी, हा इंग्लंडहून आलेला नियम व्हर्जिनियात चालू होता. थॉमस जेफर्सन यांच्या पुढाकाराने तयार झालेला, सर्व अपत्यांना समान वाटा देणारा कायदा १७८५ मध्ये संमत झाला, परंतु त्याचा अंमल १ जानेवारी १७८७ पासून सुरू झाला. कॅप्टन अब्राहमचा मृत्यू त्याआधी अवघे काही महिने झाला होता. साहजिकच जमीन थोरला मुलगा मॉर्डेकाय याच्याकडे गेली आणि थॉमसला सुतारकाम व मोलमजुरी करून पोट भरावे लागले. मॉर्डेकाय पुढे केंटकीतील प्रतिष्ठित जमीनदार झाला व त्याच्याकडे गुलामही होते. एकाच बापाचे दोन मुलगे एका पिढीतच दोन वेगळ्या थरांत गेले.

दक्षिणेतील वंशावळींचा अभ्यास करणाऱ्याला म्हणूनच त्या त्या वर्षी कोणता वारसा कायदा लागू होता, हे पाहावेच लागते. मृत्युपत्रात एखाद्या मुलाचे नाव नसणे म्हणजे तो मुलगा नसणे नव्हे. त्याला त्याचा वाटा आधीच मिळालेला असू शकतो, किंवा कायद्यानेच त्याला वगळलेले असू शकते.

चतुःसीमांचा घोळ

थॉमस लिंकन यांनी पैसा जमवून केंटकीत एकामागून एक तीन ठिकाणी शेती केली आणि तिन्ही ठिकाणी जमिनीच्या हक्कावरून त्यांना नुकसान वा मनस्ताप सोसावा लागला. १८०३ मध्ये घेतलेल्या मिल क्रीकच्या जमिनीची मोजणी सदोष निघाली. १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अब्राहम यांचा जन्म झाला, त्या सिंकिंग स्प्रिंग येथील शेताच्या मालकीवर आधीचाच बोजा निघाला. तेथून ते नॉब क्रीक येथे गेले, तर फिलाडेल्फियातील एका जुन्या दावेदाराच्या वारसांनी त्यांना बाहेर काढण्यासाठी कोर्टात दावा लावला.

या घोळाचे मूळ मोजणीच्या पद्धतीत होते. व्हर्जिनिया व केंटकीत जमिनीच्या चतुःसीमा झाडे, ओढे, खडक यांच्या खुणांवरून लिहिल्या जात. ओकचे झाड पडले, ओढ्याने पात्र बदलले की सीमाही गेली. एकाच तुकड्यावर दोन-तीन जणांचे दावे चढत. ओहायो नदीच्या उत्तरेला मात्र १७८५ च्या कायद्यान्वये सरकारने चौरस आखून मोजणी केली आणि नंतरच जमीन विकली. तेथे घेतलेली जमीन आपलीच राहील, ही खात्री होती. शिवाय १७८७ च्या कायद्याने त्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी होती. डिसेंबर १८१६ मध्ये थॉमस यांनी नदी ओलांडून इंडियाना गाठले. या स्थलांतराला काही अंशी गुलामगिरी, पण मुख्यत्वे जमीनहक्काच्या अडचणी कारणीभूत होत्या, असे अब्राहम लिंकन यांनीच १८६० मध्ये आपल्या अल्पचरित्रात नमूद केले आहे. १८३० मध्ये हे कुटुंब इलिनॉयला गेले. सॅम्युएलच्या आगमनापासून तोवर १९३ वर्षे उलटली होती. स्वतः अब्राहम ही सॅम्युएलपासूनची सातवी पिढी.

हरवलेला आणि सापडलेला दुवा

१८४८ मध्ये लिंकन काँग्रेसचे सदस्य असताना मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅमच्या सॉलोमन लिंकन यांनी त्यांच्याकडे कुळाविषयी पृच्छा केली. लिंकन यांनी आपल्याला ठाऊक असलेली माहिती कळवली आणि व्हर्जिनियातील डेव्हिड लिंकन या भाऊबंदाशीही पत्रव्यवहार केला. आजोबा रॉकिंगहॅमहून केंटकीत आले आणि त्यांच्या आधीची मंडळी बर्क्स काउंटीतील, इथवर त्यांना माहीत होते. न्यू इंग्लंडमधील लिंकन घराण्याशी आपला संबंध जोडण्याच्या प्रयत्नातून मॉर्डेकाय, अब्राहम अशा नावांच्या साम्यापलीकडे काही निष्पन्न झाले नाही, असे त्यांनी १८५९ मध्ये लिहिले. वस्तुतः ते साम्यच खरा दुवा होते. लिंकन यांच्या हत्येनंतर काही दशकांनी खरेदीखते, मृत्युपत्रे आणि चर्चच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्यावर सलग साखळी सिद्ध झाली. वाल्डो लिंकन यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेला घराण्याचा इतिहास आजही या विषयावरील आधारभूत ग्रंथ मानला जातो.

दप्तर चुकीच्या ठिकाणी शोधले की काय होते, याचेही उदाहरण याच घराण्यात आहे. थॉमस आणि नॅन्सी हँक्स यांच्या विवाहाची नोंद हार्डिन काउंटीत सापडेना, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या आईवडिलांचा विवाहच झाला नव्हता अशी कुजबुज सुरू झाली. लिंकन यांच्या मृत्यूनंतर शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या दप्तरात १२ जून १८०६ रोजीच्या विवाहाची नोंद मिळाली आणि त्या कुजबुजीतील हवा निघून गेली. नॅन्सी यांच्या मातेविषयीचा वाद त्याहून लांबला. मातेकडून अपत्यांकडे येणाऱ्या जनुकीय घटकांच्या तपासणीने २०१५ मध्ये त्या ल्यूसी हँक्स यांच्या कन्या असल्याच्या मताला पुष्टी दिली.

काही दुवे मात्र युद्धात कायमचे गेले. यादवी युद्धात, १८६४ मध्ये, रॉकिंगहॅम काउंटीची अनेक जुनी दप्तरे उत्तरेच्या सैन्याने जाळली. लिंकन यांच्याच सैन्याच्या हातून त्यांच्या पूर्वजांच्या काउंटीचे कागद राख झाले.

ज्यांची नावेच लिहिली नाहीत

लिंकन कुळाचा माग लागला, कारण दर पिढीकडे थोडीफार जमीन होती आणि जमिनीबरोबर कागद होते. याच कागदांत आणखीही माणसे आहेत. व्हर्जिनियात राहिलेल्या जेकबच्या आणि टेनेसीतील आयझॅकच्या घरी गुलाम होते. रॉकिंगहॅममधील लिंकन दफनभूमीत घराण्याच्या पिढ्यांशेजारी दोन गुलामांचीही थडगी आहेत. दक्षिणेतील मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत गुलाम बहुधा केवळ पहिल्या नावाने, गुरे आणि अवजारे यांच्या जोडीने नोंदवलेले आढळतात. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत मालकाच्या नावाखाली त्यांचे वय, लिंग व वर्ण तेवढे लिहिले गेले. नावे सर्वसाधारणपणे गाळलीच गेली. मुक्त झालेल्या या लाखो लोकांची पूर्ण नावे राष्ट्रीय जनगणनेत प्रथम आली ती १८७० मध्ये. आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांचा शोध म्हणूनच १८७० च्या भिंतीशी येऊन थबकतो. ती ओलांडण्यासाठी त्यांना आधी मालकाची वंशावळ शोधावी लागते. जमीन, कर्ज, वारसा यांच्या कागदांतून मालकाचे घराणे कोठून कोठे गेले हे कळले, तरच आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचा ठावठिकाणा लागण्याची आशा असते.

राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा थेट वंश १९८५ मध्ये त्यांचे पणतू रॉबर्ट टॉड लिंकन बेकविथ यांच्या निधनाने संपला. घराण्याच्या कागदपत्रांचे मोल त्यामुळे कमी झालेले नाही. दक्षिणेकडे सरकत गेलेल्या अशा प्रत्येक कुटुंबाच्या दस्तांत त्याचे स्वतःचे कूळ असतेच. शिवाय त्याने सोबत नेलेल्या, विकलेल्या वा वारशात दिलेल्या माणसांच्या कुळाचाही तो बहुधा एकमेव पुरावा असतो. ही दप्तरे जपणे आणि अभ्यासकांना खुली ठेवणे अगत्याचे आहे, ते त्यासाठी.